बास गिटारचा टोन: आधी स्पंज, मग तारा, गिटार सगळ्यात शेवटी

नाशिकहून भाच्याचा फोन आला. "मामा, माझी बास मेली. चाळीस हजारांत नवी कुठली येईल?"

बास म्हणजे बास गिटार. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या बँडसाठी त्याने चौदा हजारांची घेतली होती. मेली म्हणजे नेमकं काय झालं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "आवाज येतो रे, पण टोन नाही."

फोन स्पीकरवर होता. मागून बहिणीचा आवाज आला, "आवाज येतो तर मग नवी कशाला?"

प्रश्न रास्त आहे. हौशी बासवादक 'टोन' हा शब्द इतक्या वेळा आणि इतक्या गूढपणे वापरतात, की पैसे देणाऱ्याला त्यात काहीतरी लबाडी असावी असा संशय येतो. मी स्वतः हौशीच आहे. आठवडाभर नोकरी, आणि रविवारी पुण्यात तासाच्या भाड्याने घेतलेल्या खोलीत चार मित्रांबरोबर वाजवणं. गेल्या वीस वर्षांत टोनच्या नावाखाली जो खर्च केला, तो बहुतेक उलट्या क्रमाने केला, हे मला फार उशिरा कळलं. भाच्याला जे फोनवर सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर मांडतो.

## टोन म्हणजे काय

तंबोरा आणि पेटी दोन्हींवर एकच सा लावा. सूर तोच, पण डोळे मिटूनही कुठलं वाद्य वाजतंय ते कळतं. सूर सारखा असूनही जो फरक कानाला कळतो, तो टोन.

तो फरक उपस्वरांमुळे पडतो. तार छेडली की ती एकाच गतीने थरथरत नाही. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट गतीची बारीक कंपनंही त्याच तारेत चालू असतात. हे उपस्वर. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. तो कुणी वेगळा लावलेला नसतो, पाचपट गतीच्या उपस्वरातून तो आपोआप उमटतो, म्हणून त्याला स्वयंभू म्हणतात. मिरजेचा कारागीर जवारी काढतो, म्हणजे घोडीचा माथा घासून तार त्याला नेमकी कशी टेकेल ते ठरवतो. मग गवई तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती आणखी खुलवतो. दोऱ्याने सूर बदलत नाही, उपस्वरांचं प्रमाण बदलतं.

बास गिटारवर लोक हजारो रुपये खर्च करतात ते याच कामासाठी. आपल्याकडे ते एका दोऱ्यात होतं, एवढं लक्षात ठेवून पुढे वाचा.

## ही तार अशी का असते

चार तारांच्या बासची सगळ्यात जाड तार, ई, सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. साध्या गिटारची सगळ्यात जाड तार ८२ वेळा. म्हणजे बास बरोबर एक सप्तक खाली. एवढं खाली उतरायला तार लांब हवी, सैल हवी किंवा जड हवी. लांबीला मर्यादा आहे. बासची तार ३४ इंच लांब असते आणि साधी गिटार साधारण साडेपंचवीस, त्याहून फार लांब केली तर बोटं पोचणार नाहीत. सैल सोडली तर ती लोंबकळून फळीवर खडखडेल. उरलं वजन.

नुसती जाड सळई लावली तरी काम भागत नाही. सळई ताठ असते. तिचे उपस्वर बेसूर होतात आणि आवाज पत्रा वाजवल्यासारखा येतो. म्हणून आत पोलादाची बारीक तार, जिला कोअर म्हणतात, आणि तिच्यावर दुसऱ्या तारेचे घट्ट वेढे. वजन वाढतं, लवचिकपणा टिकतो. पखवाजाच्या डाव्या पुडीला भिजवलेली कणीक लावून आवाज खाली उतरवतात, त्यामागचा विचार हाच. कातडं तेच राहतं, फक्त जड होतं.

हे वेढे कसे घातले आहेत, त्यावर टोनचा मोठा भाग ठरतो.

## गोल तार, चपटी तार

वेढ्याची तार गोल असेल तर तिला राउंडवाउंड म्हणतात. हिच्यावर नख फिरवलं की करकर होते. आवाज झळझळीत असतो, उपस्वरांनी भरलेला, थोडा पियानोसारखा. वेढ्यासाठी चपटी पट्टी वापरली असेल तर फ्लॅटवाउंड. ही काचेसारखी गुळगुळीत लागते. आवाज गोल, बुटका, उपस्वर कमी आणि सुरुवातीचा 'धप्प' जास्त. वेढ्यांवर नायलॉनचं वेष्टण असलेल्या तारा, अर्धवट घासून सपाट केलेल्या तारा असे मधले प्रकारही आहेत, पण हौशी माणसाला निवड करायची असते ती मुख्यतः या दोघींत.

आज दुकानातली जवळपास प्रत्येक नवी बास राउंडवाउंड लावून येते. पूर्वी तसं नव्हतं. लिओ फेंडरने १९५१ साली कॅलिफोर्नियात प्रिसिजन बास बाजारात आणली. उभ्या, माणसाएवढ्या डबल बासला हा सुटसुटीत पर्याय होता. गळ्यावर, म्हणजे बासच्या लांब दांड्यावर, फ्रेट नावाच्या धातूच्या आडव्या पट्ट्या असल्यामुळे सूर नेमका लागतो, म्हणून तिचं नाव प्रिसिजन. त्या काळातल्या बास चपट्या तारांवर चालत. मग १९६६ मध्ये इंग्लंडमधल्या रोटोसाउंड कंपनीने 'द हू' या बँडचा बासवादक जॉन एंटविसल याच्याबरोबर बसून गोल वेढ्यांच्या तारा घडवल्या. त्याला बास मागे गुरगुरायला नको होती, पुढे येऊन बोलायला हवी होती.

दुसऱ्या टोकाला डेट्रॉइटचा जेम्स जेमर्सन. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाजलेल्या गाण्यांवर त्याची बास आहे. १९६२ ची प्रिसिजन, त्यावर जाडजूड फ्लॅटवाउंड तारा, घोडीवरच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, आणि वाजवायला उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी. तारा तो बदलतच नसे. तुटली तर नवी, एरवी वर्षानुवर्षं त्याच.

या दोघांचा दाखला मुद्दाम दिला. एकाला नव्या तारांची चमक हवी होती आणि दुसऱ्याला जुन्या तारांचा मळ. दोघांचाही टोन आज जगभर नकलला जातो. तेव्हा "चांगली तार कुठली?" या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. तुम्हाला कुठल्या गाण्यात कुठे उभं राहायचं आहे, ते आधी ठरवावं लागतं.

## तारा 'मरतात' म्हणजे काय

भाच्याची बास मेली नव्हती, तारा मेल्या होत्या. दोन वर्षं एकच संच, तोही दुकानातून आलेला.

गोल वेढ्यांच्या मधल्या खाचांत घाम, तेल आणि बोटांच्या कातडीचा चुरा साचतो. चहाची गाळणी बुजावी तसा. वेढ्यांची एकमेकांवर होणारी मोकळी हालचाल अडते, आणि सगळ्यात बारीक, सगळ्यात वेगवान कंपनं आधी दबतात. म्हणजे उपस्वर जातात, मूळ स्वर राहतो. "आवाज येतो पण टोन नाही" हे भाच्याचं वाक्य शास्त्राला धरूनच होतं. मळ सगळीकडे सारखा बसत नाही, त्यामुळे पुढे पुढे तार सुरातही नीट लागत नाही. आपल्या किनारपट्टीवर याला दमट हवा आणि गंज येऊन मिळतात. माझ्या घामट बोटांना पावसाळ्यात राउंडवाउंडची चमक तीन-चार आठवडे पुरते. वाजवून झाल्यावर सुक्या फडक्याने तारा खालून-वरून पुसल्या तर थोडी जास्त.

तारा पाण्यात उकळून पुन्हा जिवंत करण्याचा जुना उपाय आहे. तो खोटा नाही. तेलकट मळ सुटतो आणि चमक परत येते. मी एकदा केला, घरातल्या चहाच्या पातेल्यात. चमक आठवडाभर टिकली, पातेल्यावरून ऐकून घेणं बरंच जास्त. पोलाद पुन्हा पुन्हा भिजवलं की आतून गंजतं, तेव्हा हा उपाय एखाद्या वेळेपुरताच.

फ्लॅटवाउंडमध्ये मुळात खाचाच नाहीत. त्यामुळे त्या मरण्याऐवजी मुरतात. किंमत जास्त असते, पण वर्षानुवर्षं चालतात.

एक खबरदारी. संचाच्या पाकिटावर ४५ ते १०५ असे आकडे असतात. हे गेज, म्हणजे तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. १०५ ची तार सुमारे पावणेतीन मिलिमीटर जाड असते. चारही तारांचा मिळून गळ्यावर पडणारा ताण सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जातो, एक धडधाकट माणूस लटकल्यासारखा. त्यामुळे नेहमीपेक्षा बऱ्याच जाड किंवा पातळ तारा लावल्या की गळ्याचा बाक बदलतो आणि तो गळ्याच्या आत बसवलेल्या सळईने पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. तारांची उंची आणि बाक जुळवण्याच्या या कामाला सेटअप म्हणतात. स्वस्त बासला जाणकाराकडून एकदा सेटअप करून घेतला की ती निम्म्याने महाग वाटू लागते. पावसाळ्यात लाकूड फुगून हा बाक पुन्हा हलला तर घाबरू नका.

## मग लाकडाचं काय?

इथे भांडणं होतात, म्हणून सावकाश सांगतो.

तंबोऱ्यात भोपळा गातो. तार भोपळ्याला हलवते, भोपळा हवेला. बास गिटारमध्ये भोपळाच नाही, भरीव लाकूड आहे. तारांखाली पिकअप असतो, म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि तांब्याच्या वेढ्यांत वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेलं हे तत्त्व, ज्यावर सायकलचा डायनॅमोही चालतो. पिकअप लाकूड ऐकत नाही, पोलाद ऐकतो. म्हणून तर नायलॉनचं वेष्टण असलेली तारही बासवर चालते, आत पोलाद असतं ना.

लाकूड तारेची थोडी ऊर्जा शोषतं, तेव्हा परिणाम शून्य नाही. पण पिकअप कुठे बसवला आहे, यापुढे तो किरकोळ. घोडीजवळ तार जेमतेम हलते, तिथला आवाज कडक आणि नाकातला. गळ्याकडे ती मोकळी डोलते, तिथला आवाज भरघोस. माझं मत विचाराल तर बँडमध्ये वाजताना लाकडाचा फरक मला आजवर एकदाही ओळखता आलेला नाही. खांद्याला मात्र दर वेळी ओळखता येतो. चार-साडेचार किलोची बास दोन तास गळ्यात अडकवून बघा.

## घरी मस्त, बँडमध्ये गायब

हा अनुभव प्रत्येकाला येतो, आणि नवी बास घेण्याचं हेच सगळ्यात मोठं खोटं कारण आहे. घरी एकटे असताना आपण अ‍ॅम्पवर, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या खोक्यावर, खालचा आवाज वाढवतो, वरचाही वाढवतो आणि मधला कमी करतो. ऐकायला राजेशाही लागतं. मग बँडमध्ये ड्रमचा मोठा ढोल खालची जागा घेतो, झांजा वरची, गिटार आणि गायक मधली. आपण मधलं आधीच काढून टाकलेलं असतं, म्हणजे बसायलाच जागा नाही.

लोकलच्या चौथ्या सीटसारखं आहे हे. ऐसपैस बसण्याचा प्रश्नच नाही, फटीत नीट टेकायचं. बासची ती फट साधारण ४०० ते ८०० हर्ट्झच्या आसपास असते (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं). तिथला आवाज थोडा वाढवला तर एकट्याने वाजवताना भुंग्यासारखा लागेल, पण बँडमध्ये एकेक सूर स्पष्ट निघेल. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास वाजवत. त्या काळातली गाणी चांगल्या हेडफोनवर ऐका आणि फक्त बासच्या मागे जा. ती कुठेही ऐसपैस पसरलेली नाही.

## खोलीही वाजते

४१ हर्ट्झची ध्वनिलहर हवेत आठ मीटरहून लांब असते. आपल्या खोल्या त्याहून लहान. त्यामुळे लहर भिंतीवरून परतते आणि स्वतःलाच भेटते, कुठे दुप्पट होते, कुठे पुसली जाते. समोरासमोरच्या भिंतींत दहा फूट अंतर असेल तर ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमतो. बासची मोकळी ए तार ५५ ची आहे! म्हणजे दहा फुटी खोलीत ए वाजवला की कपाटाची काच थरथरणार आणि बाजूचा सूर मात्र दुबळा वाटणार. हा दोष ना बासचा, ना तुमचा. अ‍ॅम्प कोपऱ्यातून हलवा, स्वतः दोन पावलं सरका, आणि मगच तक्रार करा.

## "मोबाईलवर तर बास ऐकूच येत नाही"

बहिणीची ही दुसरी तक्रार. फोनचा इवलासा स्पीकर ४१ हर्ट्झ जवळजवळ काढतच नाही. तरी सूर थोडाफार कळतो, कारण वरचे उपस्वर त्यातून येतात. ८२, १२३, १६४ अशी पायरी ऐकली की मेंदू तळाची ४१ ची पायरी स्वतःच भरून काढतो. म्हणजे लहान स्पीकरवर बास पोचवायची असेल तर खालचा आवाज वाढवून उपयोग नाही, उपस्वर हवेत. जुन्या राउंडवाउंड तारा फोनवर अजिबात पोचत नाहीत आणि नव्या पोचतात, त्याचं कारण हेच. काही वादक आवाजाला मुद्दाम किंचित फाटकेपणा देतात, तोही बऱ्याचदा याच हिशेबाने.

## साध्या गिटारच्या अ‍ॅम्पवर वाजवलं तर?

हळू आवाजात सरावाला चालेल. मोठ्याने नको. खालच्या सुरांना स्पीकरचा कागद खूप पुढे-मागे हलावा लागतो, गिटारचा स्पीकर त्यासाठी बनवलेला नसतो, फाटू शकतो. बासला वॅट जास्त लागतात कारण आपला कान खालच्या सुरांना मुळात मंद आहे. पण वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम जाणवेल इतकाच वाढतो. दुप्पट वाटायला सुमारे दहापट लागतात. तेव्हा ५० ऐवजी १०० वॅटचा अ‍ॅम्प घेऊन क्रांती होईल, या भ्रमात राहू नका. कार्यक्रमात तसंही तुमची वायर डीआय बॉक्स नावाच्या डबीतून थेट साउंडवाल्याच्या मिक्सरकडे जाते. तुमचा अ‍ॅम्प तिथे तुमच्यापुरताच असतो.

## महाग बास घेऊच नये का?

घ्यावी, कारण कळल्यावर. महाग बासमध्ये गळा स्थिर असतो, खुंट्या सुटत नाहीत, खरखर नसते. ज्यांच्या आत बॅटरीवर चालणारं सर्किट असतं, त्या अ‍ॅक्टिव्ह बास. त्यात खालचा-वरचा आवाज बासवरच वाढवता येतो. मात्र वायर खोचलेली असेपर्यंत ९ व्होल्टची बॅटरी उतरत राहते. मी एकदा आदल्या रात्री वायर तशीच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या गणपतीत तिसऱ्या गाण्याला मुका झालो. श्रोत्यांपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नाही, याचं दुःख जास्त.

भाच्याला मी नवी बास घेऊ दिली नाही. आधी फुकटचं करायला लावलं. बासवरचं टोनचं गोल बटण अर्धं मागे फिरवणं, घोडीजवळ छेडायच्या ऐवजी गळ्याजवळ छेडणं, अंगठ्याने वाजवून बघणं. या तीन गोष्टींत त्याला एकाच बासमधून चार वेगळे आवाज मिळाले. मग दहा रुपयांचं. भांडी घासायच्या नव्या स्पंजची पट्टी कापून घोडीपाशी तारांखाली सरकवली. आवाज एकदम आखूड आणि गोल झाला, जेमर्सनच्या गल्लीतला. आपला सुताचा दोरा उपस्वर खुलवतो, हा स्पंज ते मिटवतो, पण कारागिरी त्याच घराण्याची.

मग तारा. त्याने बऱ्याच चर्चेनंतर राउंडवाउंडच घेतल्या, कारण त्यांचा बँड रॉक वाजवतो आणि त्याला एंटविसल व्हायचं आहे. बसवताना जुना संच फेकू नकोस, पाकिटात घालून ठेव, एखादी तार ऐन वेळी तुटली तर मेलेलीही उपयोगी पडते, असं सांगितलं.

परवा पुन्हा फोन आला. टोन परत आला होता, खुशीत होता. मागून बहीण म्हणाली, "स्पंजचं पाकीट सापडत नाहीये."